वळणात पाय उचलला की ९११ गिरकी घेते: गेमचा दोष किती, आपला किती?

तक्रार ठरलेली असते. गाड्यांच्या शर्यतीचा गेम असेटो कोर्सा असो, त्याचाच भाऊबंद कॉम्पेटित्सिओने असो, ग्रान टुरिस्मो ७ असो की आयरेसिंग, गाडी मात्र पोर्शे ९११. सरळ रस्त्यावर सगळं झकास. वळणात शिरताना गाडीचं तोंड वळायला जरा नाखूश वाटतं, म्हणून खेळणारा ॲक्सिलरेटरवरचा पाय उचलतो, आणि डोळ्याची पापणी लवायच्या आत गाडी आलेल्या रस्त्याकडे तोंड करून उभी. चार दिवस हेच होत राहिलं की निष्कर्ष निघतो: "हे फिजिक्स बोगस आहे. खऱ्या गाड्या अशा फिरल्या असत्या तर रस्त्यावर एक ९११ उरली नसती."

आधी निकाल सांगून टाकतो. वजनाचं गणित बहुतेक चांगल्या गेमनी बरोबर मांडलेलं आहे. इंजिन मागे असलेल्या गाडीला भर वळणात पाय उचललेला खपत नाही, हे खरंच आहे. गेममध्ये कमी पडते ती गाडी सुटायला लागल्याची खबर. खऱ्या गाडीत ती कमरेला आणि पाठीला मिळते. टेबलासमोर बसलेल्या माणसाला ती स्टेअरिंगच्या मोटरमधून आणि स्क्रीनवरून, म्हणजे उशिरा आणि अर्धीमुर्धी मिळते. म्हणून दुरुस्तीचा क्रम असा ठेवा: आधी खबर पोचवणारं सामान, मग पाय, मग सेटअप, आणि गेमवर शंका सगळ्यांत शेवटी. बहुतेक लोक नेमके उलटीकडून सुरुवात करतात.

गाडी त्या एका सेकंदात काय करते

९११चं सहा सिलिंडरचं इंजिन मागच्या आसाच्याही मागे टांगलेलं आहे. त्यामुळे एकूण वजनाचा साधारण साठ टक्क्यांहून थोडा जास्त वाटा मागच्या चाकांवर पडतो. १९६३ साली फ्रँकफर्टच्या प्रदर्शनात ९०१ या नावाने गाडी मांडली गेली, तेव्हापासून ही मांडणी टिकून आहे. गेमवाल्यांनी गाडीला उगाच बदनाम केलं असं म्हणायची मात्र सोय नाही, कारण तिची खोड कारखान्यालाच ठाऊक होती. सुरुवातीच्या काही गाड्यांच्या पुढच्या बंपरमध्ये चक्क लोखंडी वजनं घातलेली होती. १९६९च्या मॉडेलला मागची चाकं मागे सरकवून दोन आसांमधलं अंतर ५७ मिलिमीटरने वाढवलं, ते २२६८ मिलिमीटर झालं. आणि एका बॅटरीच्या दोन करून त्या पुढच्या दोन कोपऱ्यांत नेल्या. एवढी उठाठेव कोणी हौसेने करत नाही.

आता आकडे मांडून बघू. त्या काळातली एक ९११ घ्या. चालकासकट ११०० किलो, गुरुत्वमध्य जमिनीपासून अर्ध्या मीटरवर धरू. पुढे ४४० किलो, मागे ६६०. दुसऱ्या गिअरमध्ये, इंजिन वरच्या आरपीएमला असताना पाय एकदम उचलला आणि गाडीला ०.३ जीचा, म्हणजे गुरुत्वाकर्षणाच्या तीन दशांश इतका अवरोध बसला असं समजा. वजन, अवरोध आणि उंची यांचा गुणाकार करून त्याला आसांमधल्या अंतराने भागलं की सुमारे ७३ किलो भार मागून पुढे गेलेला दिसतो. म्हणजे पुढच्या टायरवरचा भार साडेसोळा टक्क्यांनी वाढला आणि मागच्यांवरचा अकरा टक्क्यांनी घटला. एवढ्यावर भागत नाही. इंजिनाचा अवरोध फक्त मागच्या चाकांतूनच जमिनीवर उतरतो. टायरची पकड एकच असते. तिच्यातला काही भाग गाडी रोखण्यात गेला की वळण धरायला तेवढी कमी उरते. पुढे पकड वाढली, मागे ती दोनदा कापली गेली, आणि स्टेअरिंग तर आधीच वळवलेलं आहे.

त्यात भर इंजिनाच्या जागेची. जड वस्तू मध्यापासून लांब असली की गाडी फिरायला वेळ घेते आणि फिरायला लागली की थांबायलाही वेळ घेते. खांद्यावर लांब बांबू घेऊन बोळात वळणाऱ्या माणसाला हे सांगावं लागत नाही: वळायला सुरुवात जड, आणि आपण थांबलो तरी मागचं टोक भिंतीवर आपटतंच. स्क्रीनवर मागचं टोक सुटलेलं दिसतं तोवर ते वेगात असतं. म्हणूनच उलटं स्टेअरिंग मारलं तरी बऱ्याचदा गाडी दुसऱ्याच बाजूला गिरकी घेते. कारण उलटं स्टेअरिंग उशिरा दिलेलं असतं आणि काढतानाही उशीर होतो.

जाता जाता, हे प्रकरण फक्त जर्मन स्पोर्ट्स कारपुरतं नाही. आपल्या टाटा नॅनोचं ६२४ सीसीचं इंजिनही मागेच होतं, आणि तिला पुढे १३५ तर मागे १५५ मिलिमीटर रुंदीचे टायर होते. मागे भार जास्त, म्हणून टायर रुंद. ९११च्या मागच्या टायरचं पोट सुटलेलं दिसतं त्यामागचा हिशेबही हाच आहे.

आधी सामान तपासा

स्टेअरिंगच्या मोटरमधून जे जाणवतं ते पुढच्या टायरचं असतं. मागचे टायर थेट काहीच बोलत नाहीत. मागचं टोक बाहेर जाऊ लागलं की पुढची चाकं गाडी प्रत्यक्ष जिकडे सरकतेय तिकडे आपोआप वळू बघतात, आणि स्टेअरिंग हातातून उलट्या बाजूला सरकू लागतं. हीच ती खबर. स्टेअरिंग घट्ट आवळून धरलंत तर ती हातातच मारली जाते. मूठ सैल ठेवा. उलट्या स्टेअरिंगचं निम्मं काम गाडी स्वतः करते.

पण ही खबर येण्याआधीच वाटेत मरू शकते. सगळ्यांत नेहमीचं कारण म्हणजे फोर्स फीडबॅकचा गेन, म्हणजे स्टेअरिंगच्या मोटरचा जोर, अतोनात वाढवलेला असणं. स्टेअरिंग जड म्हणजे अस्सल, असा समज आहे. वळणात मोटर आधीच शंभर टक्क्यांवर पोचलेली असेल तर भार बदलल्यावर ती आणखी काय सांगणार? असेटो कोर्सात पेडलचा छोटा ॲप उघडून ठेवा. त्यात फोर्स फीडबॅकचा पट्टा असतो आणि मर्यादा ओलांडली की तो लाल होतो. लांब वळणात तो सतत लाल दिसत असेल तर गेन उतरवत जा, कर्बवर, म्हणजे ट्रॅकच्या कडेच्या उंचवट्यावर, चढताना तेवढा क्षणभर लाल झाला तर चालेल. स्टेअरिंग हलकं लागेल, दोन दिवस चुकल्यासारखं वाटेल, पण सुटणारी गाडी हाताला कळायला लागेल. ड्रायव्हर सॉफ्टवेअरमधली सेंटरिंग स्प्रिंग बंद करा. ती स्टेअरिंगला नेहमी मधोमध ओढते, म्हणजे नेमक्या त्या क्षणी पुढच्या चाकांशी भांडते. फिरण्याची मर्यादा ड्रायव्हरमध्ये ९०० अंशच ठेवा आणि गाडीनुसार कमीजास्त करायचं काम गेमवर सोडा. झटपट वळावं म्हणून ती ३६०वर आणून ठेवणारे बरेच आहेत, आणि मग बोटभर हालचालीत गाडी आडवी होते तेव्हा शिव्या पोर्शेला.

स्टेअरिंग ज्याला आवळलंय ते टेबल हलतंय का, तेही बघा. अभ्यासाच्या हलक्या टेबलाची फळी मोटरबरोबर डोलते आणि बारीक थरथर तिच्यातच जिरते. खुर्ची चाकांची असेल तर ब्रेक दाबताना ती फरशीवरून मागे सरकते, पाय लांब होतो, आणि ब्रेक किती दाबला याचा अंदाज दर वेळी वेगळा येतो. खुर्चीची चाकं जुन्या बुटांत बसवणं हा उपाय दिसायला हास्यास्पद आहे, पण लागू पडतो. पेडलची पाटी भिंतीला टेकवा.

टीव्हीवर खेळत असाल तर गेम मोड चालू आहे का? चित्र सुंदर करायच्या नादात टीव्ही ते उशिरा दाखवतो, आणि या गाडीबाबत तेवढा उशीर पुरेसा आहे. संगणकावर फ्रेम रेट वळणात कोसळत असेल तर आरसे आणि सावल्या आधी कमी करा. दृश्याचा कोनही फार रुंद ठेवू नका. रुंद कोनात वेग थरारक वाटतो, पण गाडीचं फिरणं स्क्रीनवर लहान दिसतं, आणि आपल्याला तर नेमकं तेच वेळेवर दिसायला हवंय.

स्टेअरिंगऐवजी गेमपॅडवर खेळणाऱ्यांसाठी थोडक्यात: ट्रिगरवरून बोट उचललं की ॲक्सिलरेटर त्या क्षणी शून्यावर जातो, हा तुमचा पहिला शत्रू. दुसरा म्हणजे स्टेअरिंगचा फिल्टर. तो जास्त असेल तर सरळ रस्त्यावर गाडी शहाण्यासारखी चालते, पण उलटं स्टेअरिंग गाडीपर्यंत पोचेपर्यंत खेळ संपलेला असतो. असेटो कोर्सात फिल्टर थोडा उतरवून स्टेअरिंगचा वेग थोडा वाढवा. फोर्झात स्टेअरिंगचा सिम्युलेशन पर्याय पॅडवर लावू नका, नॉर्मल ठेवा. त्यात कमीपणा काही नाही.

मग पाय

रिप्ले लावा, पेडलचे पट्टे दिसतील असं करा, आणि गिरकीच्या जागेकडे बघण्याऐवजी त्याच्या दोन सेकंद आधी बघा. बहुतेकांचं चित्र सारखंच निघतं.

ब्रेकचा पट्टा शंभरावरून शून्यावर उभाच्या उभा पडतो. पाय झटक्यात काढल्यामुळे पुढे झुकलेली गाडी मागे बसते, आधीच हलकं असलेलं तोंड आणखी हलकं होतं, आणि गाडी वळत नाही. चालक आणखी स्टेअरिंग वळवतो. पुढचे टायर नुसतेच घासत जातात. ॲक्सिलरेटर थोडा दिलेला असतो, त्याने तोंड अधिकच उचललं जातं. बाहेरची कडा जवळ येते, घाबरून पाय पूर्ण वर येतो. आता ते सत्तर किलो पुढे येतात, आणि गरजेपेक्षा कितीतरी जास्त वळवलेल्या पुढच्या चाकांना एकदम पकड मिळते. गिरकी इथे दिसते, पण तिची सुरुवात ब्रेक सोडताना झालेली असते. म्हणून "मागचं टोक सुटतं" अशी तक्रार करणाऱ्याचा खरा प्रश्न निम्म्याहून जास्त वेळा "तोंड वळत नाही" हा असतो.

उपाय त्याच जागी आहे. ब्रेक सोडताना पाय हळूहळू वर आणा, वळणात शिरेपर्यंत ब्रेकचा शेवटचा हलका दाब राहू द्या. त्या दाबाने पुढच्या टायरवर भार टिकतो आणि कमी स्टेअरिंगमध्ये गाडी वळते. ९११ला वळणात ब्रेक अजिबात लावायचा नाही, सगळा ब्रेक सरळ रस्त्यावरच संपवायचा, असा सल्ला सर्रास दिला जातो. जुन्या रोड कारसाठी तो ठीक आहे. जीटी३ आर किंवा कप या ९११च्या रेसिंग गाड्यांत तो पाळलात तर तुम्ही स्वतःहून वर सांगितलेल्या साखळीत शिरता. धोका ब्रेकमध्ये नसतो, तो झटक्यात सोडण्यात असतो.

वळणाच्या मध्यावर पाय शून्यावर नेऊ नका. दहापंधरा टक्के ॲक्सिलरेटर धरून ठेवा, आणि गाडी बाहेर सरकतेय असं वाटलं तर पंधराचा आठ करा, शून्य नको. तरीही मागचं टोक निघालंच, तर ब्रेककडे जाणारा पाय आवरा. स्टेअरिंग सैल सोडा, ॲक्सिलरेटर किंचित वाढवा. भार परत मागे बसतो आणि बऱ्याचदा गाडी आपणहून सावरते. मन याच्या बरोबर उलट सांगत असतं, त्यामुळे हे अंगवळणी पडायला वेळ लागतो. टर्बोवाल्या जुन्या गाडीत मात्र हा उपाय अंगाशी येतो, त्याचं पुढे सांगतो.

गिरकी ब्रेक लावतानाच येत असेल, वळणाच्याही आधी, तर गिअर बघा. वेग पुरेसा उतरायच्या आत खालचा गिअर टाकला की मागची चाकं क्षणभर अडकतात. एच पॅटर्नच्या, म्हणजे दांड्याने गिअर टाकायच्या, जुन्या गाड्यांत रेस देऊन आरपीएम जुळवल्याशिवाय गिअर उतरवलात तर हमखास. सवय होईपर्यंत ऑटो ब्लिप, म्हणजे गिअर उतरवताना आपोआप रेस देणारी मदत, चालू ठेवायला हरकत नाही.

सेटअप, पण मर्यादेत

पहिली गोष्ट: ट्रॅक्शन कंट्रोल वाढवून या दुखण्यावर काही फरक पडत नाही. ते यंत्र जास्तीच्या ताकदीने चाक फिरतंय का एवढंच बघतं आणि ताकद कापतं. इथे ताकद तर तुम्हीच शून्य केलेली आहे. वळणातून बाहेर पडताना गाडी फिरत असेल तरच त्याचा उपयोग. पाय उचलल्यावरची गिरकी रोखते ती स्टॅबिलिटी: कॉम्पेटित्सिओनेत ती असिस्टच्या यादीत स्लायडरच्या रूपात आहे, ग्रान टुरिस्मोत तिचं नाव एएसएम. शिकताना वापरा. पण ती चालू ठेवून "या गेममध्ये ९११ इतर गाड्यांसारखीच चालते, काही वेगळं जाणवत नाही" असं म्हणू नका. वेगळेपण तिनेच पुसलेलं असतं.

मग डिफरन्शियल, म्हणजे मागच्या दोन चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारं यंत्र. रेस नसतानाचं लॉकिंग, ज्याला कोस्ट म्हणतात, ते वाढवलं की पाय उचलल्यावर मागची दोन्ही चाकं एकमेकांना धरून राहतात आणि गाडी सरळ राहू बघते. कॉम्पेटित्सिओनेत यासाठी प्रीलोड आहे. फार वाढवलंत तर तोंड वळायचं थांबेल आणि गाडं पुन्हा मूळपदावर. मागचा अँटी रोल बार (गाडीचं कलणं रोखणारा दांडा) एक पायरी मऊ, मागचा टो इन (चाकांची तोंडं किंचित आत वळलेली असणं) थोडा जास्त, एवढं पुरतं. टायरचं प्रेशर कॉम्पेटित्सिओनेच्या सध्याच्या जीटी३ टायरना गरम झाल्यावर २६ ते २७ पीएसआयमध्ये हवं. पहिल्या लॅपला मागचे टायर थंड असताना गिरकी आली तर सेटअपला हात लावू नका, एक लॅप दम धरा.

ब्रेक बायस, म्हणजे पुढच्या-मागच्या ब्रेकमधली वाटणी, दुसऱ्या गाडीचा उचलून लावू नका. मागे भार जास्त असल्याने ९११चे मागचे ब्रेक इतरांपेक्षा जास्त काम करू शकतात, म्हणून तिचा पुढचा बायस पुढे इंजिन असलेल्या गाड्यांपेक्षा बराच कमी असतो. भीतीपोटी तो पुढे ढकलत गेलात तर पुढची चाकं आधी दमतात आणि तोंड वळत नाही. तिथून पुढची साखळी आता पाठ झाली असेल.

कुठली ९११ चालवताय, ते बघा

खोड प्रत्येक पिढीत वेगळी आहे, आणि गेमच्या खरेपणावरचे निम्मे वाद दोघे वेगवेगळ्या गाड्यांबद्दल बोलत असल्यामुळे चालतात. १९९४च्या ९९३ला (९६४, ९९३, ९९१ ही ९११च्याच पिढ्यांची नावं) मागे मल्टी लिंक सस्पेन्शन आलं. त्याआधीच्या गाड्यांतली मागची चाकं पाय उचलल्यावर रबरी बुश दबून किंचित बाहेर वळत, आणि ऐन वेळी गाडीला फिरायला आणखी निमित्त मिळे. पोर्शेने हाच दोष काढण्यासाठी आपल्या ९२८ या दुसऱ्या गाडीला वायसाख ॲक्सल नावाची मागच्या चाकांची मांडणी दिली होती, ९११ला मात्र त्या धर्तीची मांडणी मिळायला ९९३ यावी लागली. इथे एक गमतीची गोष्ट आहे. ज्या गेममध्ये सस्पेन्शनचे दांडे पूर्ण ताठ धरलेले असतात आणि बुशचं दबणं मोजलेलं नसतं, तिथे जुनी ९११ या एका बाबतीत खऱ्यापेक्षा सौम्य वागते. तरी आपल्याला ती जास्त भयंकर वाटते, कारण पाठीला मिळणारी खबर नाही. गेम सोपा आणि अनुभव अवघड, अशी उलटी तऱ्हा.

९३० टर्बोची गोष्टच न्यारी. १९७५ची, तीन लिटरची, २६० अश्वशक्तीची आणि चार गिअरची. रेस दिली की टर्बोला जाग यायला वेळ लागतो. वळणाच्या मध्यावर पाय दिला तर काही होत नाही, म्हणून आणखी दिला जातो, आणि बाहेर पडताना सगळी ताकद एकदम येते. गाडी सावरण्यासाठी किंचित रेस द्या असं वर म्हटलं ते इथे लागू नाही: मागितलेली ताकद उलटं स्टेअरिंग चालू असताना उगवेल. वळण लवकर सरळ करा, मग पाय द्या.

याच्या उलट, नावात ९११ असूनही इंजिन मागच्या आसाच्या मागे नसलेल्या गाड्या आहेत. २०१७च्या ९११ आरएसआरमध्ये पोर्शेने मागचा डिफ्युझर (गाडीखालची हवा बाहेर काढून पकड वाढवणारा भाग) मोठा करता यावा म्हणून इंजिन मागच्या आसाच्या पुढे आणलं. ९११ जीटी१ची मांडणीही मध्य इंजिनाचीच. आरएसआर चालवून "बघा, ९११ किती स्थिर आहे, बाकीच्यांना चालवताच येत नाही" असं सांगणारे भेटतात. त्यांना जीटी३ आर किंवा कप गाडी द्या आणि बघा.

दहशतीमागे थोडा इतिहासही आहे. २०००च्या सुमारापासून २०१६ अखेरपर्यंत गेमसाठी पोर्शेचे हक्क इलेक्ट्रॉनिक आर्ट्सकडे होते. मोजके अपवाद सोडले तर बाकीच्या गेमना पोर्शे वापरता येत नसे, म्हणून ग्रान टुरिस्मोसारख्या मालिकांनी रूफ या जर्मन कंपनीच्या गाड्या घेतल्या. पोर्शे तिथे आली ती थेट २०१७च्या ग्रान टुरिस्मो स्पोर्टमध्ये. एका पिढीची ९११शी ओळखच झाली ती रूफ सीटीआर, म्हणजे यलोबर्डमधून. १९८७ची, दोन टर्बोंची, ४६९ अश्वशक्तीची, आणि सावरायला इलेक्ट्रॉनिक मदत शून्य. तिच्यावर हात बसवायला गेलेल्यांनी "मागे इंजिन म्हणजे मरण" असा धसका घेतला तर नवल नाही. सुरुवात ९९१ जीटी३ आरएसपासून करा, मग ९९३, ९६४, आणि त्यानंतर यलोबर्ड किंवा ९३०.

एवढं करूनही शंका गेमवरच असेल तर

शंका रास्त असू शकते. पण ती तपासायची रीत आहे. दोन वळणं घ्या: ब्रँड्स हॅचचं ड्रुइड्स, हळू आणि अरुंद, आणि बार्सिलोनाचं तिसरं, लांब आणि वेगवान. असेटो कोर्सा, कॉम्पेटित्सिओने आणि ग्रान टुरिस्मो ७, तिन्हींत हे ट्रॅक आहेत. टायर गरम, मदती बंद, स्टेअरिंग एका जागी स्थिर. आधी ॲक्सिलरेटर सावकाश, सेकंदभरात सोडा. तोंड आतल्या बाजूला ओढलं जायला हवं आणि गाडी वळण आवळून घ्यायला हवी, फिरायला नको. मग तोच प्रयोग झटक्यात सोडून. आता मागचं टोक निघायला हवं, पण त्याआधी स्टेअरिंग हलकं पडल्याचं हाताला कळायला हवं. दोन्ही वेळा गाडी सारखीच वागली तर कुठेतरी पाणी मुरतंय.

ड्रुइड्सवर नीट पण बार्सिलोनात फिरते, असं असेल तर कारण वजनाचं नसून हवेचं असण्याची शक्यता जास्त. जुन्या ९११चं मागचं टोक वेगात उचललं जातं. १९७२च्या कॅरेरा आरएस २.७ला बदकाच्या शेपटीसारखा स्पॉयलर लावला तो हे उचलणं कमी करायला. रेसिंग गाडीत मागचा विंग एकदोन पायऱ्या वाढवून पुन्हा बघा.

आणि एक लक्षण असं आहे की जिथे गेमकडेच बोट दाखवता येतं. मागचं टोक थोडंसं निघालं की मधली कुठलीच अवस्था न येता पकड नाहीशी होणं, जणू टायरखाली रस्ताच नाही. खऱ्या टायरची पकड कमाल बिंदू ओलांडल्यावर घटते, पण अशी पाताळात जात नाही. ही उतरण किती तीव्र ठेवायची ते टायरचं मॉडेल लिहिणाऱ्यावर असतं, आणि याबाबत एकाच गेमच्या दोन आवृत्त्यांतही फरक जाणवतो. अपडेटनंतर कालपर्यंत नीट चालणारी गाडी अचानक फिरायला लागली तर सेटअप बदलत बसू नका. तीच चाचणी मूळ सेटअपवर करा, आणि पुढचं अपडेट येईपर्यंत दुसरी गाडी घ्या.

असेटो कोर्सातल्या फुकट मॉडची, म्हणजे खेळणाऱ्यांनीच बनवलेल्या गाड्यांची, तर वेगळीच कथा. गाडीचा डेटा उघडता येत असेल तर सस्पेन्शनच्या फाईलमध्ये सीजी लोकेशन बघा; हा पुढच्या चाकांवरच्या वजनाचा वाटा, ९११साठी ०.३९च्या आसपास हवा. बहुतेक मॉड करणारे तेवढं बरोबर लिहितात. मग कार फाईलमधली इनर्शियाची तीन मापं बघा. तिसरं माप लांबीचं, आणि गाडी किती जडपणे फिरेल ते त्यावर ठरतं. ते दुसऱ्याच कुठल्या मध्य इंजिनाच्या गाडीतून जसंच्या तसं चिकटवलेलं असेल, तर वजन मागे पण फिरणं चटपटीत अशी धेडगुजरी गाडी तयार होते. इंजिनाच्या फाईलमधला कोस्टचा टॉर्क, म्हणजे पाय उचलल्यावर इंजिन किती जोराने रोखतं, तोही बघा. तो अवास्तव मोठा असेल तर पाय उचलणं म्हणजे हँडब्रेक ओढणं. शेजारी गेम बनवणाऱ्या कुनोसची स्वतःची ९११ उघडून आकडे ताडून पाहिलेत की दोन मिनिटांत कळतं.

पॅडवर खेळत असाल तर ही वळणांची चाचणी कुणाच्या तरी स्टेअरिंगवर करा. मध्ये फिल्टर असेपर्यंत निकाल गाडीचा लागत नाही.